पाटी नको, खतावणी दाखव : खेळाचे नियम गोष्टीचा रंग कसा ठरवतात

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीत क्रिकेटचा एक नियम होता. चेंडू भिंतीपलीकडे डायरेक्ट गेला की आऊट, आणि आणायलाही मारणाऱ्यानेच जायचं. पलीकडच्या अंगणात एका आजींच्या लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवलेल्या असायच्या, त्यांच्यापायी हा नियम. ‘जमिनीवरून खेळा’ असं आम्हाला कोणी शिकवलं नाही. तरी त्या गल्लीतून बाहेर पडलेला प्रत्येक पोरगा मनगटाने, फटी शोधत, खाली खेळणारा निघाला. मोठ्या मैदानावर गेल्यावर सर ओरडायचे, ‘उचल, उचल!’ आणि आमचा हात काही उचलला जायचा नाही.

पत्त्यांचंही तेच. दिवाळीच्या सुट्टीत तीच सहा भावंडं, तोच कॅट. ‘बदाम सात’ लावलं की सगळी कंजूष होतात. इस्पिकची आठी दाबून दुसरंच पान टाकतात आणि समोरच्याची तडफड बघत बसतात. ‘चॅलेंज’ लावलं की तीच भावंडं डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलतात, आणि एरवी देवभोळी असलेली मावशी त्यात सगळ्यांत सराईत निघते. बावन्न पत्त्यांत कंजुषीही नाही आणि खोटेपणाही नाही. दोन्ही आले नियमांतून.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. राजेंद्रनगरला आमच्या गच्चीवर एक खोली आहे. दर शनिवारी रात्री तो आणि त्याचं टोळकं तिथे जमतं आणि टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम खेळतं. आधी मी फक्त चहा पोचवायला जायचो. मग एकदा एक जण आला नाही म्हणून मला बसवलं, आणि मी उठलोच नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार, बाकी प्रत्येकाचं एकेक पात्र. सूत्रधार म्हणतो, ‘समोर दार आहे, आतून काहीतरी खरवडल्याचा आवाज येतोय.’ तुमचं पात्र काय करतं ते तुम्ही सांगायचं. निकाल कोणालाच ठाऊक नसेल तिथे फासे टाकायचे. पट असलाच पाहिजे असं नाही, जिंकणं-हरणं तर बहुतेक नसतंच. बोलता बोलता गोष्ट तयार होते.

मग मी विचारलं, गोष्ट तोंडानेच सांगायची तर हे तीन-तीनशे पानांचे नियम कशाला? आणि गोष्ट सांगायला नियमांचं एक पुस्तक पुरत नाही का? पोरांकडे दहा वेगवेगळी आहेत.

उत्तर मला माझ्याच धंद्यात सापडलं. मी दिवसभर लोकांचे हिशेब लिहितो. दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय ते मी बघत नाही. मी खतावणी मागतो आणि त्यात कोणाकोणाची खाती उघडली आहेत ते बघतो. पाटीवर ‘वस्त्रभांडार’ आणि आत पानोपानी व्याजाची खाती असली, तर तो माणूस कापड विकत नाही, सावकारी करतो. या खेळांच्या पुस्तकांचं मुखपृष्ठ, त्यावरचे ड्रॅगन, ‘थरारक’, ‘गूढ’ वगैरे शब्द ही झाली पाटी. नियम काय मोजतात, कशाचे गुण देतात, कशाचा खर्च टाकतात, ही खतावणी. टेबलावर बसलेली माणसं तासाभरात तिच्याप्रमाणेच वागायला लागतात.

एक वाडा, चार खेळ

एकच प्रसंग घेऊ. जुन्या इंदुरातला एक पडका वाडा, रात्रीची वेळ. तळघरात लोखंडी पेटी आहे अशी वदंता. चौघं जण जिना उतरताहेत.

पहिल्यांदा ते उतरतात १९७४ च्या नियमांनी. त्या साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तीन छोट्या पुस्तिकांत. हे लोक मूळचे टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारे, त्यामुळे मोजमापाची सवय हाडीमांसी. तळघरातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या टप्प्यांत मोजायचा. मशाल जळत जाते आणि संपते. प्रत्येक टप्प्याला सूत्रधार फासा टाकतो. सहा पडला की कुठून तरी भटका राक्षस येतो. सगळ्या शस्त्रांचा घाव सहा बाजूंच्या एका फाशाएवढा, आणि नवख्या जादूगाराचा जीवही तेवढ्याच एका फाशाएवढा. एक फटका, कारभार आटोपला. नाण्यांचं वजन धरायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे एक अनुभवगुण. या गुणांवरच पात्र एकेक पायरी, म्हणजे लेव्हल, वर चढतं.

आता हा सौदा जरा माझ्या नजरेने बघा. भटक्या राक्षसाकडे सहसा सोनं नसतं. त्याच्याशी लढलं तर जीव जाण्याची जोखीम पूर्ण आणि मिळकत जवळपास शून्य. उशीर केला तर मशाल जळते आणि फासा पुन्हा पडतो. म्हणजे लढाई तोट्याची, वेळ खर्चाचा, नफा फक्त पेटीत. मुखपृष्ठावर तलवार उपसलेला वीर असला तरी या नियमांत शहाणी माणसं चोरासारखी वागतात. दाराला कान लावतात, राक्षसाला भाकरी टाकून भुलवतात, पळतात. आमच्या टेबलावर मशाल कोणी धरायची आणि किती पोती न्यायची यावर अर्धा तास वाद झाला, आणि तो वाद अजिबात कंटाळवाणा नव्हता. कारण ते पोतंच नफा होता.

पुढे याच खेळाची खतावणी बदलली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले, २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत गुण मुख्यतः शत्रूला आणि संकटांना मात दिल्याचे मिळू लागले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तर आठ तास नीट विश्रांती घेतली की सगळे हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, परत भरतो. त्याच वाड्यात आता तीच पोरं दार लाथेने उघडतात. भटका राक्षस आला तर ‘या भिया, बसा’ म्हणून तलवारी काढतात. पाटी तीच, ड्रॅगन तोच. पण पहिला खेळ होता जीव मुठीत धरून केलेल्या चोरीचा, आणि हा आहे वीरांच्या पराक्रमाचा. भाच्याला दुसरा आवडतो, मला पहिला. वयाचा परिणाम असावा.

मग वाड्यात ‘कॉल ऑफ क्थुलू’चे लोक उतरतात. सँडी पीटरसनचा हा खेळ १९८१ चा. इथे तुम्ही वीर नाही. प्राध्यापक, वार्ताहर, जुन्या वस्तूंचे व्यापारी असे आहात. पात्राच्या कागदावर कौशल्यांची लांबलचक यादी, आणि त्यात एक कौशल्य आहे ‘ग्रंथालयाचा वापर’. एखाद्या खेळाने वाचनालयात योग्य पुस्तक सापडण्यासाठी फासे टाकायला लावावेत, यातच त्याने आपली जात सांगितली. आणि कागदावर एक आकडा असतो मनाच्या स्वास्थ्याचा. भयंकर काही दिसलं की तो उतरतो. खुद्द क्थुलू, म्हणजे या खेळातला प्राचीन राक्षसी देव, समोर आला आणि फासा उलटा पडला, तर शंभरपर्यंतचा फासा टाकून जितके पडतील तितके गुण जातात. एवढी शिल्लक फार थोड्यांकडे असते.

खरी गंमत मात्र पुढे आहे. या खेळात एक गुप्त ज्ञान आहे, त्या प्राचीन शक्तींबद्दलचं. जुने ग्रंथ वाचले की ते वाढतं. आणि ते जितकं वाढेल तितकी मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा कायमची खाली येते: ९९ उणे ते ज्ञान. आता आपल्या तळघरात पेटी उघडली आणि आत मोडीतलं एक दफ्तर निघालं. ते वाचल्याशिवाय खाली काय आहे ते कळणार नाही. वाचलं तर माणूस थोडा वेडा होणार. आमच्यातल्या एकीने, मोडी वाचता येणारी एकुलती एक प्राध्यापक तिची, ते दफ्तर मांडीवर घेतलं आणि विचारलं, ‘मामा, पहिलं पान वाचून सोडून दिलं तर चालेल?’ सूत्रधार मी होतो. मी काही बोललो नाही. तिने दुसरंही पान वाचलं. ‘घाबरा’ असं त्या पुस्तकात कितीही वेळा छापलं असतं तरी तिचा आवाज तसा झाला नसता. तो एका वजाबाकीने झाला.

तिसऱ्यांदा वाड्यात शिरतात जॉन हार्परच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’चे चोर, २०१७ सालचे. पहिल्या खेळात आम्ही तासभर आखणी करत बसायचो. इथे आखणी जवळपास बंदच. दरोडा कुठल्या प्रकारचा एवढं ठरवायचं, एकदा फासे टाकायचे आणि थेट वाड्याच्या दारात उभं राहायचं. सामान हलकं की जड एवढंच आधी सांगायचं, काय काय आणलंय ते गरज पडेल तेव्हा. आणि पहारेकरी समोर आला की म्हणायचं, ‘कालच मी याच्या मुलीच्या फीचे पैसे भरून आलोय.’ मग तो कालचा प्रसंग खेळायचा. फुकट नाही, जितकी थाप मोठी तितका मनावरचा ताण वाढतो, आणि ताणाचा रकाना भरला की माणूस मोडतो, कायमची खूण घेऊन. दरोड्याच्या गोष्टींत प्रेक्षकाला आधी काही सांगत नाहीत, ऐनवेळी मागे नेऊन दाखवतात. ही सांगण्याची ढब हार्परने नियम करून ठेवली. खेळणारा हुशार असायची गरज उरत नाही. पात्र आपोआप हुशार दिसतं. पहिल्या खेळातल्या काटकसरी माणसाला हे फसवणूक वाटेल. मलाही सुरुवातीला वाटलं होतं.

चौथा खेळ मी मे महिन्यात खेळलो, आणि तो लक्षात राहिला तो घामामुळे. ‘ड्रेड’ नावाचा हा भयकथांचा खेळ २००५ चा. यात फासेच नाहीत. टेबलाच्या मधोमध लाकडी ठोकळ्यांचा तो मनोरा, जेंगाचा, चौपन्न ठोकळ्यांचा. पात्राच्या कागदावरही आकडे नाहीत, प्रश्न असतात: ‘तुझ्या भावाला तू कधी माफ का केलं नाहीस?’ असे. अवघड काही करायचं म्हटलं की एक ठोकळा ओढून वर ठेवायचा. मनोरा पडला की तुमचं पात्र गोष्टीतून गेलं. बस.

मनोरा हलतो म्हणून पंखा बंद. मेमधली इंदूरची रात्र, गच्चीवरची खोली, तापलेला पत्रा. पहिल्या तासात सगळे विनोद करत होते, कारण मनोरा मजबूत होता. दुसऱ्या तासात कोणी टेबलावर कोपर टेकवला तरी चौघं ओरडायची. शेवटी वाड्याचं दार आतून लागलं आणि भाच्याला ठोकळा ओढायचा होता. त्याच्या हनुवटीवरून घामाचा थेंब ओघळला, त्याने तो पुसला नाही. बाकीचे श्वास धरून. म्हणजे बघा, भीती वाढत जाते, मध्ये कोणी मेलं की क्षणभर हुश्श होतं, मनोरा पुन्हा रचला जातो आणि पुन्हा चढण सुरू. भयकथेचा सगळा आलेख त्या लाकडांत आहे. आणखी एक बारीक कलम आहे: कोणी मनोरा मुद्दाम पाडला तर त्याचं पात्र मरतं, पण जे करायला निघालं होतं ते करून मरतं. भाच्याने हात आडवा फिरवला. दार उघडलं, बाकीचे सुटले. आम्ही आधी पंखा लावला, मग टाळ्या वाजवल्या.

मरण्यावरूनच खेळाची जात पटकन ओळखता येते. १९८४ साली आलेल्या ‘टून’मध्ये कार्टूनची पात्रं असतात, सगळे हिट पॉइंट संपले की पात्र ‘पडतं’, खेळणारा तीन मिनिटं बाहेर बसतो आणि पात्र पुन्हा ताजंतवानं. आमच्याकडे त्या तीन मिनिटांत चहा टाकून यायचा रिवाज होता. त्याच वर्षीच्या ‘पॅरानोइया’त प्रत्येकाला स्वतःच्या सहा प्रती मिळतात, आणि नियम माहीत असल्याचं दाखवणं हाच राजद्रोह. पहिला मेला, हा घ्या दुसरा. अशा खेळात मित्राच्या पाठीत सुरा खुपसताना कोणाचाच हात थरथरत नाही.

फाशांचाही स्वभाव असतो

इथे थोडं गणित, पण पोह्यांवर जीरावण मसाला भुरभुरावा तेवढंच.

वीस बाजूंचा फासा टाकला तर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखी, पाच टक्के. एकही तेवढाच, वीसही तेवढाच, दहाही तेवढाच. त्यामुळे त्याचा स्वभाव लहरी. सहा बाजूंचे दोन फासे टाकून बेरीज केली तर चित्र बदलतं. छत्तीस प्रकारांनी ते पडू शकतात. त्यांतले सहा प्रकार सातचे, बाराचा एकच. तीन फासे घेतले तर मधले आकडे आणखी दाट, आणि अठरा पडायचा प्रकार २१६ मध्ये एक. हा संथ, विश्वासू फासा. कसलेला माणूस इथे क्वचित चुकतो.

लहरी फाशाचं प्रताप आम्ही स्वतः भोगलंय. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत साधं लिहिलंय की हल्ल्यात एक पडला तर वार चुकला. आमच्या टोळक्याने उत्साहात घरचा नियम जोडला: एक पडला की शस्त्र हातातून निसटतं. दोन शनिवार मजा आली. मग मी वहीत आकडेमोड केली. विसाव्या लेव्हलचा योद्धा सहा सेकंदांच्या एका फेरीत चार वार करतो. म्हणजे मिनिटाला चाळीस वार, आणि दर विसात एक एक्का. राज्यातला सर्वश्रेष्ठ तलवारबाज मिनिटाला सरासरी दोनदा तलवार पाडतो. नवखा पोरगा फेरीत एकच वार करतो, त्याची दोन मिनिटांतून एकदा पडते. जितका निष्णात तितका धांदरट! वीरकथा म्हणून मांडलेल्या खेळाचं आम्ही एका ओळीत प्रहसन केलं होतं, आणि महिनाभर कोणाच्या लक्षात येईना की आपल्याला सारखं हसू का येतंय.

याउलट ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांचा, २०१० चा. जग बुडाल्यानंतर उरलेल्या माणसांची गोष्ट. दोन फासे टाकायचे आणि पात्राचा गुण मिळवायचा. दहा किंवा वर आले तर काम फत्ते. सहा किंवा खाली, तर सूत्रधार संकट आणणार. सात ते नऊ म्हणजे ‘झालं, पण...’. काम होतं आणि किंमत मोजावी लागते. गुण अधिक एक असेल तर छत्तीसपैकी दहा वेळा फत्ते, दहा वेळा संकट आणि सोळा वेळा ‘पण’. सगळ्यांत जास्त वेळा हा ‘पण’च पडतो. पाणी मिळालं, पण टोळीच्या नायकाने बघितलं. तो सुटला, पण तू अडकलास. टंचाईच्या जगात काहीच स्वच्छ मिळत नाही, हे सूत्रधाराने भाषण करून सांगायला नको. फासेच तसे वाटले आहेत. शिवाय या खेळात सूत्रधार फासे टाकतच नाही. त्याला बातम्या द्यायच्या असतात, डाव जिंकायचा नसतो.

‘फियास्को’त, २००९ च्या, सूत्रधारच नाही. तुमच्या पात्राचा प्रसंग आला की एकच हक्क मिळतो: एक तर प्रसंग तुम्ही मांडा, नाही तर त्याचं बरं-वाईट तुम्ही ठरवा. दोन्ही तुमच्या हातात कधीच नाही. महत्त्वाकांक्षा फार आणि अक्कल बेताची अशा माणसांच्या गोष्टीला याहून चांगली कात्री कुठली?

घड्याळ हा असाच एक न बोलणारा नियम. १९८६ च्या ‘गर्प्स’मध्ये लढाईतली पाळी एक सेकंदाची असते. एका सेकंदात धनुष्य खांद्यावरून काढता येतं का, बाण लावता येतो का, असे प्रश्न पडायला लागतात, आणि लढाई बारीक, घामट, वास्तव वाटते. सत्तरच्या दशकातल्या ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये लढाईची फेरी मिनिटाची, त्यात किती वेळा तलवारी खणखणल्या ते कोणी विचारत नाही. आणि ग्रेग स्टॅफर्डच्या ‘पेंड्रॅगन’मध्ये, राजा आर्थरच्या सरदारांच्या १९८५ च्या खेळात, साधारण वर्षाला एक मोहीम. मग हिवाळा येतो. हिवाळ्याचे वेगळे फासे: घोडा जगला का, पीक कसं आलं, लग्न जमलं का, मूल झालं का. तुमचा सरदार म्हातारा होतो, मरतो आणि तुम्ही त्याच्या मुलाला खेळायला घेता. सेकंद मोजणारा खेळ लढाईचा होतो, वर्षं मोजणारा खेळ घराण्याचा.

‘चांगला सूत्रधार असला की काहीही चालतं’

हा आक्षेप प्रत्येक टेबलावर येतो, आणि त्यात तथ्य आहे. गल्लीतल्या नियमांतही एखादा पठ्ठ्या बरण्या चुकवून दूरच्या पिंपळावर मारायचाच. पण त्यासाठी तो पठ्ठ्या लागायचा. आम्ही एकदा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीवर भुताची गोष्ट खेळलो. भाच्याने दिवे मंद केले, आवाज उतरवला, जिन्यावरच्या ओल्या पावलांचं वर्णन असं केलं की माझ्या अंगावर काटा आला. आणि टेबलाच्या पलीकडून प्रश्न आला: ‘हिला हिट पॉइंट किती आहेत?’ झालं. आठव्या लेव्हलचे वीर ते. समोर आलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्या कागदावर वजाबाकीचीच होती. भाचा रात्रभर नियमांच्या विरुद्ध दिशेने सायकल मारत राहिला.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. जे नियमांत नाही ते खेळात महत्त्वाचं नाही, असं म्हणायचं का? तसं नाही म्हणता येत. तलवारबाजी टेबलावर प्रत्यक्ष करता येत नाही म्हणून तिला आकडे लागतात. बोलणं, थापा मारणं, आर्जवं करणं तर बसल्या जागी होतं. त्याला नियम कशाला? काही खेळांत सगळ्यांत सुंदर गप्पा होतात त्या नेमक्या नियमांनी मोकळ्या सोडलेल्या जागेत. आईने भाजीवाल्याशी केलेल्या घासाघिशीचं खातं कोणत्याही खतावणीत नसतं, पण घर त्यावर चालतं. त्यामुळे मी दोन्हीकडे बघतो. काय मोजलंय, आणि मुद्दाम काय मोजलेलं नाही.

कधी कधी मात्र आपल्याला ‘हे माझं खासगी’ वाटतं तेच खेळ मोजतो. पेंड्रॅगनमध्ये स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत, आणि प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दयाळू १४ तर क्रूर ६. एखादा गुण सोळा किंवा त्याच्या वर गेला की त्याबद्दल ख्याती मिळते, पण मग तो गुण ऐनवेळी तुम्हाला ओढतोही. शत्रू पाया पडला, फासे दयेकडे पडले, आता सोडून द्या त्याला, योजना गेली खड्ड्यात. आमच्यातली एक जण यावर खूप चिडली. ‘माझं पात्र मी चालवणार ना, मामा!’ पण राजा आर्थरच्या त्या सरदारांच्या कथा आहेतच मुळी स्वतःच्या स्वभावापुढे हरणाऱ्या माणसांच्या. ती चिडली म्हणजे नियम लागू पडला, असं माझं मत. तिचं अजून पटलेलं नाही.

घोडीचा रकाना

मागच्या पावसाळ्यात पोरांच्या डोक्यात आलं की आपलाच खेळ करू. मल्हारराव होळकरांच्या काळातला माळवा, मराठी स्वार, चौथाई, मुलूखगिरी. इंदुरात राहून हे करायचं नाही तर कुठे? पहिला खर्डा त्यांनी आठवड्यात केला. पाचव्या आवृत्तीचे नियम घेतले आणि नावं बदलली. योद्ध्याचा शिलेदार झाला, जादूगाराचा मांत्रिक, लांब तलवारीचा तेगा. आम्ही खेळलो. चौघं स्वार दोनशेच्या फौजेवर समोरून तुटून पडले, जिंकले, रात्री झोपले, सकाळी ठणठणीत. मी म्हटलं, ‘अरे, हे तर पागोटी घातलेले अमेरिकन!’ सगळी पाटी मराठी, आणि खतावणी एका ओळीचीही नाही.

मग मी पेन्सिल घेतली. त्या काळचा स्वार काय मोजत असेल? एक फरक मला शाळेपासून आठवत होता. बारगिराला घोडा सरकारातून किंवा सरदाराकडून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येई. आम्ही नियम केला: शिलेदाराचा घोडा मेला आणि नवा घ्यायला पैसे नसले की तो बारगीर. पगार कमी, मान कमी, लुटीतला वाटा कमी. दुसरं खातं दाणावैरणीचं, दर आठवड्याला खर्च. तिसरं थकलेल्या पगाराचं: पगार ठरलेला, पण मिळतो मोहीम झाल्यावर, आणि तोही पूर्ण मिळेल असं नाही. मध्ये घर चालवायला सावकार. हिट पॉइंट आम्ही इतके कमी केले की भाला लागला तर माणूस सहा महिने घरी.

पुढच्या शनिवारी तीच फौज समोर आली. कोणीही समोरून गेलं नाही. पोरांनी आधी विचारलं, वैरण कुठे आहे? मग, त्यांचे बैल आणि बाजारबुणगे फौजेच्या किती मागे चालतात? रात्री पिछाडीवर छापा घातला, वैरणीच्या गाड्या पेटवल्या, जेवढं उचलता येईल तेवढं उचललं आणि उजाडायच्या आत दहा कोस लांब. ‘गनिमी कावा’ हा शब्द मी त्या रात्री तोंडातून काढला नव्हता, त्यांनीही नाही.

परतताना एका नाल्यात गाठ पडलीच. पेंड्रॅगनवर चिडलेल्या त्याच पोरीच्या शिलेदारावर भाला आला. आमच्या नियमात भाला स्वाराला किंवा घोड्याला, फासा ठरवतो. पण स्वार स्वतःहून आडवा येऊ शकतो. ती आडवी आली. दोन हिट पॉइंट उरले. तिने खोडरबर हातात घेतला, आणि स्वतःच्या आकड्याकडे वळायच्या आधी बोटाने घोडीचा रकाना पुन्हा तपासला. ‘घोडीला नाही ना लागलं? बघा हं नीट.’

खेळ अजून अर्धा आहे. मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघनाने सुरू होतात एवढं ठरलंय. पावसाळ्याच्या छावणीचं पान कोरं आहे. भाचा म्हणतो तिथे पेंड्रॅगनच्या हिवाळ्यासारखी लग्नं, मुलं आणि वतनाचे तंटे घालू. मी म्हणतो, आधी सावकार येईल.